मोटार चालू करतानाच लाइट का डीम होतात?

सोलापूरच्या पूर्व भागात कापड चेक करणारा माणूस कापड उजेडाकडे धरतो आणि एका आडव्या रेघेवर बोट ठेवून सांगतो, इथं माग बंद पडला होता. माग थांबून परत स्टार्ट झाला की त्याने लगेच स्पीड पकडलेला नसतो, मग पहिल्या एकदोन धाग्यांना फणीचा ठोका हलका बसतो, वीण तेवढ्यापुरती विरळ राहते आणि तो स्टार्ट कापडात कायमचा दिसतो.

विजेच्या मोटारीचं तर याहून अवघड. विहिरीवरची 10 एचपीची थ्री फेज मोटार एरवी साधारण 15 अँपिअर घेते पण सुरू होताना त्याच्या पाच ते सात पट ओढते. कारण असं, की बटण दाबल्याबरोबर आतलं चुंबकीय क्षेत्र फुल स्पीडने फिरायला लागतं (पाणबुडी मोटारीत मिनिटाला 3000 फेरे) आणि रोटर (मोटारीतला फिरणारा भाग) मात्र जागेवरच असतो, हा फरक जेवढा मोठा तेवढा रोटरमध्ये करंट जास्त. रोटर 2900 च्या आसपास पोचला की फरक थोडाच उरतो, करंट आपोआप खाली येतो. त्या मधल्या वेळात व्होल्टेज पडतं आणि वस्तीवरचे लाइट डीम होतात.

म्हणून तर मोठ्या मोटारीला स्टार-डेल्टा स्टार्टर लावतात. सुरुवातीला वाइंडिंग (मोटारीतली तारेची वेटोळी) स्टार जोडणीत असतात, तेव्हा प्रत्येकीला 415 ऐवजी 240 व्होल्टच मिळतात, लाइनवरचा करंट एक तृतीयांश होतो, पण मोटारीचा जोरही तेवढाच कमी होतो, फुकट काहीच मिळत नाही. स्पीड आला की टक्कन आवाज येऊन डेल्टा जोडणी होते आणि पूर्ण 415 मिळतात. आणि ओव्हरलोड रिलेमधली (जास्त करंट गेला की मोटार बंद करणाऱ्या भागातली) पट्टी तापायला वेळ घेते म्हणून हा थोडा वेळचा करंट तिला चालतो, पंप जाम झाला किंवा एक फेज गेला तर मात्र ती ट्रिप करते.

ट्यूबलाइटचा स्टार्टर अगदी उलट्या कामाचा, तो चोककडून मोठा झटका मुद्दाम काढून घेतो, ट्यूब लागल्यावर तो काढून खिशात टाकला तरी ट्यूब चालूच राहते. (हॉटेलातल्या स्टार्टरचा इथं विषय नाही.)

खरी गंमत ऑटोची, म्हणजे लाइट आली की मोटार आपोआप चालू करणाऱ्या स्विचची. लाइट गेली की मोटारीच्या स्टार्टरमधली नो-व्होल्ट कॉइल (वीज असेपर्यंतच स्टार्टर धरून ठेवणारी) सुटते आणि लाइट आल्यावर मोटार आपोआप सुरू होत नाही, ही सोय मुद्दाम केलेली आहे, पण रात्री-अपरात्री उठून शेतात कोण जाणार, म्हणून आपण ऑटो बसवतो. मग लाइट आली की एका डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या मोटारी एकदमच पाच-सात पट करंट मागतात, व्होल्टेज इतकं पडतं की कुणालाच स्पीड घेता येत नाही, आणि स्पीड नाही म्हणून करंट उतरत नाही. शेवटी डीपीचा फ्यूज जातो. ऑटोला टायमर असेल तर शेजाऱ्याला विचारून दोघांचा टाइम मागेपुढे लावा, एक मोटार स्पीडला लागली की मग दुसरी.