आशिओ (जपानमधलं तांब्याचं गाव)

आशिओ हे जपानच्या तोचिगी प्रांतात डोंगरांत वसलेलं खाणीचं गाव. 20 मार्च 2006 ला इमाइची, निक्को, फुजिहारा, आशिओ आणि कुरियामा एकत्र करून नवं निक्को शहर केलं आणि आशिओची नगरपालिका संपली. तेव्हा जपानभर असंच विलीनीकरण चाललं होतं, 3,200 च्या वर असलेल्या स्थानिक संस्था 2010 पर्यंत 1,700 च्या घरात आल्या. खरं तर गाव त्याच्या कितीतरी आधीच रिकामं झालेलं.

इथे 1610 मध्ये तांबं सापडलं. एदो काळात (1603 ते 1868) खाण शोगुनांच्या, म्हणजे तेव्हा देश चालवणाऱ्या लष्करी सत्ताधीशांच्या ताब्यात होती, तांबं निक्कोच्या तोशोगू मंदिराला लागलं, नागासाकीहून डचांच्या जहाजांतूनही गेलं. पुढे खाण मरगळली. 1877 ला उद्योजक फुरुकावा इचिबेईने ती घेतली, मोठे साठे हाती लागले आणि गाव असं वाढलं की 1916 च्या सुमारास लोकसंख्या 38,000 वर, प्रांतात उत्सुनोमिया शहरानंतर दुसरा नंबर!

पण किंमत मोजली दुसऱ्यांनीच. भट्ट्यांच्या गंधकी धुराने झाडं मेली, उरलेली सरपणाला आणि बोगद्यांच्या टेकूंना तोडली, मग उघड्या डोंगरांवरून पूर यायला लागले आणि खाणीतला विषारी गाळ वातारासे नदीतून थेट खालच्या भातशेतीत. 1890 च्या पुरानंतर शेतकरी पेटले. खासदार तानाका शोझो संसदेत वर्षानुवर्षं ओरडत राहिले, शेवटी खासदारकी सोडून 10 डिसेंबर 1901 ला अर्ज घेऊन सम्राट मेइजींच्या गाडीकडेच धावले. पोलिसांनी धरलं, आणि वेडा म्हणून सोडून दिलं, म्हणजे खटला नको आणि चर्चाही नको. सरकारचा तोडगा तर अजबच, खाण बंद करायची सोडून नदीकाठचं यानाका गाव उठवून तिथे पुराचं पाणी साठवायची सोय केली. तानाका त्या गावातच राहायला गेले, तरी 1907 ला उरलेली घरं पाडलीच. त्याच वर्षी फेब्रुवारीत आशिओत खाणकामगारांचा दंगा झाला, सैन्य बोलवावं लागलं.

खाण 1973 ला बंद पडली. पुढच्याच वर्षी फुरुकावा कंपनीने शेतकऱ्यांना दीड अब्ज येनच्या वर भरपाई कबूल केली. आता जुन्या बोगद्यात छोट्या गाडीतून पर्यटकांना फिरवतात, आणि बोडक्या डोंगरांवर झाडं लावायचं काम अजून चालूच आहे.