फोन फोटो ओळखतो आणि फोन फोटो कळवतो: या दोन गोष्टी एक नाहीत

2025च्या फेब्रुवारीत नाशिकमधल्या आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरला. ‘अँड्रॉइड सिस्टम सेफ्टीकोर’ नावाचं अ‍ॅप गूगलने न विचारता फोनमध्ये घातलंय, ते तुमचे सगळे फोटो स्कॅन करतं, आत्ताच्या आत्ता काढून टाका. त्याच संध्याकाळी शेजारच्या काकू फोन घेऊन आल्या. लेक बाळंतपणाला माहेरी आलेली. फोनमध्ये बाळाच्या मालिशीचे, अंघोळीचे, बारशाचे फोटो. दारातच म्हणाल्या, “अगं, बाळाचे उघडे फोटो कुणी तिकडे बसून बघतंय का गं?”

मी “नाही” म्हटलं. त्या अ‍ॅपपुरतं ते खरं होतं. पण काकूंचा प्रश्न तेवढ्यावर मिटवणं मला बरोबर वाटलं नाही, कारण त्यांची भीती उगाच आलेली नव्हती. ‘स्कॅन’ या एका शब्दाखाली दोन निराळी कामं येतात आणि लोकांचा राग दोन्हींवर सारखाच निघतो. एका कामात फोन फोटोत काय आहे ते ओळखतो आणि ते स्वतःजवळ ठेवतो. दुसऱ्या कामात फोटो बाहेरच्या कुणीतरी ठरवलेल्या कसोटीवर तपासला जातो आणि निकाल त्या बाहेरच्याकडे जातो.

पहिलं काम आपण रोज वापरतो. आयफोनच्या फोटो अ‍ॅपमध्ये ‘कुत्रा’ शोधलं की कुत्र्याचे फोटो समोर येतात, एकाच माणसाचे फोटो एकत्र लागतात. हे ओळखणं फोनच्या चिपवरच होतं. सेफ्टीकोरही याच जातीचं. गूगलच्या मेसेजेस अ‍ॅपमध्ये नग्न फोटो आला तर तो आधी धूसर दिसावा आणि उघडायचा की नाही हे आपण ठरवावं, यासाठी लागणारी यंत्रणा ते पुरवतं. मोठ्यांसाठी ही सोय आपण चालू केली तरच चालते, 18 वर्षांखालच्यांना ती आधीपासून चालू असते. निकाल गूगलला जात नाही, असं गूगलने सांगितलं. गूगलवर कायम बारीक नजर ठेवणाऱ्या, ग्रॅफीनओएस ही खाजगीपणा जपणारी अँड्रॉइडची आवृत्ती बनवणाऱ्या मंडळींनीही हे अ‍ॅप कुणाला काही कळवत नाही असंच म्हटलं. त्याचा कोड खुला नाही, ही त्यांची तक्रार मात्र राहिली.

दुसऱ्या कामाचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अ‍ॅपलचं. 5 ऑगस्ट 2021 रोजी अ‍ॅपलने जाहीर केलं की आयक्लाउडवर, म्हणजे अ‍ॅपलच्या ऑनलाइन साठवणीत, चढणारे फोटो चढण्याआधी फोनमध्येच तपासले जातील. लहान मुलांच्या लैंगिक शोषणाची जी चित्रं बालसंरक्षण संस्थांकडे आधीच नोंदलेली आहेत, त्यांच्या अंकी ठशांची यादी फोनमध्ये येणार होती. ठसा म्हणजे चित्रावरून काढलेला एक आकडा. तंत्राचं नाव न्यूरलहॅश. आपल्या फोटोचा ठसा यादीशी जुळला की नाही, हे सांगणारी एक कुलूपबंद चिठ्ठी प्रत्येक फोटोसोबत जाणार. साधारण 30 फोटो जुळेपर्यंत अ‍ॅपललाही या चिठ्ठ्या उघडता येणार नव्हत्या. त्यानंतर अ‍ॅपलची माणसं बघणार आणि बालसंरक्षण संस्थेला कळवणार. सुरुवात फक्त अमेरिकेत होणार होती. एखादं खातं चुकून अडकण्याची शक्यता वर्षाला एक लाख कोटींत एक, असाही दावा होता.

हेतूबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. मुलांवरचा हा अत्याचार थांबावा असं विरोध करणाऱ्यांनाही मनापासून वाटत होतं. तरी 90हून जास्त संघटनांनी पत्र लिहून योजना मागे घ्यायला सांगितलं आणि ग्राहक भडकले. घोषणेनंतर दोन आठवड्यांच्या आत कुणीतरी आयफोनमध्ये आधीच असलेला न्यूरलहॅशचा कोड बाहेर काढला आणि दोन सर्वस्वी वेगळ्या चित्रांचा ठसा एकच येऊ शकतो हे दाखवलं गेलं. 3 सप्टेंबरला अ‍ॅपलने योजना लांबवली, डिसेंबर 2022मध्ये सोडूनच दिली. 2023मध्ये तर कंपनीनेच लिहिलं की असं स्कॅनिंग चोरांना नवी वाट देईल, आणि आज एका गोष्टीसाठी ते केलं तर उद्या दुसऱ्या गोष्टींसाठीही मागणी येईल. विरोधक दोन वर्षं नेमकं हेच सांगत होते.

त्या ऑगस्टमधला एक गोंधळ मात्र लक्षात ठेवावा असा आहे. अ‍ॅपलने एकाच दिवशी दोन्ही कामं जाहीर केली होती. मुलांच्या फोनवर मेसेजमध्ये नग्न फोटो आला तर धूसर करणारी सोय, म्हणजे आपलं पहिलं काम, आणि ही यादीशी जुळणी. लोकांनी दोन्ही एकच धरली. अ‍ॅपलचे क्रेग फेडेरिघी यांना मुलाखतीत मान्य करावं लागलं की दोन्ही एकदम सांगितल्याने घोटाळा झाला. मेसेजची सोय त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आली आणि टिकली. पण तिच्यातही एक बदल करावा लागला. 13 वर्षांखालच्या मुलाने असा फोटो उघडला किंवा पाठवला तर आईवडिलांना कळवण्याचा भाग होता, तो काढला. धूसर करण्याला फारसा विरोध नव्हता, अडचण कळवण्याची होती. घरातल्या घरात कळवणंसुद्धा काही मुलांसाठी धोक्याचं ठरू शकतं.

आता काकूंच्या बाळाकडे येते, कारण खरा पेच इथे आहे. यादीशी जुळणीत नवा फोटो सापडतच नाही. आज सकाळी न्हाणीघरात काढलेला फोटो जगातल्या कुठल्याही यादीत नसतो, तेव्हा ठशांची चूक सोडली तर तो अडकायचं कारण नाही. याउलट ओळखणारं तंत्र नव्या फोटोवरही अंदाज बांधतं: अंग उघडं आहे, मूल आहे. ते चुकू शकतं, चुकतंच. पण निकाल फोनमध्येच राहिला तर चुकीची किंमत काय? एक फोटो धूसर दिसेल, बोटाने दाबला की उघडेल. खरी भीती आहे ती अंदाज बांधणारं तंत्र आणि बाहेर कळवणं एकत्र आलं की.

हे घडलेलं आहे. फेब्रुवारी 2021मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका बापाने आपल्या लहान मुलाच्या सुजलेल्या जागेचे फोटो काढले, डॉक्टरांना दाखवायला, दवाखान्यातून मागितले म्हणून. फोटो आपोआप गूगल फोटोजवर चढले. दोन दिवसांत खातं बंद. ईमेल, फोन नंबर, मुलाचे आजवरचे सगळे फोटो गेले. पोलिसांनी चौकशी केली आणि गुन्हा घडलाच नाही असं सांगितलं, तरी गूगलने खातं परत दिलं नाही. 2022च्या ऑगस्टमध्ये हे वर्तमानपत्रात आलं. यात फोनमध्ये शिरलेलं कुठलंही गुपचूप अ‍ॅप नव्हतं. फोटो सर्व्हरवर गेल्यावर तिथे तपासला गेला होता.

काकूंना हे सांगताना मला वाईट वाटत होतं, कारण नाशिकमध्ये आपण हेच रोज करतो. बाळाच्या मांडीवर पुरळ आलं की फोटो काढायचा आणि डॉक्टरांना व्हॉट्सअ‍ॅप करायचा. काकूंना व्हॉट्सअ‍ॅपचीही भीती होती. तो मेसेज पाठवणारा आणि घेणारा यांच्यामध्ये कुणाला वाचता येत नाही. पण कॅमेऱ्याने काढलेला मूळ फोटो गॅलरीत राहतो, आणि बॅकअप चालू असेल तर रात्री वाय-फाय मिळालं की गूगलच्या सर्व्हरवर जातो. ज्या दाराची धास्ती घ्यायला हवी होती ते त्यांनी फोन घेतला त्या दिवशी दुकानातच कुणीतरी ‘अलाऊ’ दाबून उघडून दिलं होतं.

म्हणून सेफ्टीकोरवरचा राग मला चुकीच्या पत्त्यावर गेलेला वाटतो, पण तो खोटा नव्हता. तपासणी घरात होते की बाहेर, हे कळायच्या आधी लोकांना एवढंच दिसतं की माझ्या फोनमध्ये मला न विचारता काहीतरी आलं. 2025च्या शेवटी सरकारच्या ‘संचार साथी’ या हरवलेले फोन शोधायच्या आणि फसवणूक कळवायच्या अ‍ॅपचंही तसंच झालं. प्रत्येक नव्या फोनमध्ये ते आधीपासून असावं असा आदेश निघाला, ओरड झाली आणि काही दिवसांतच सक्ती मागे घेतली गेली. ते अ‍ॅप फोटो तपासणारं नाही. तरी लोक चिडले, आणि माझ्या मते चिडायला हवंच होतं. खाजगीपणा मूलभूत हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 रोजी सांगितलं आहे, आणि न विचारता केलेली चांगली गोष्टही त्या हक्काला धक्का लावते.

काही गोष्टी दोन्हींच्या सीमेवर बसतात. आयफोनमध्ये 2024च्या शेवटी लोकांच्या लक्षात आलं की फोटोतली प्रसिद्ध स्थळं ओळखण्याची एक सोय न विचारता चालू आहे. त्र्यंबकेश्वराच्या देवळापुढचा फोटो असो की ताजमहालाचा, फोन त्यातल्या वास्तूचं गणिती वर्णन कुलूपबंद करून अ‍ॅपलकडे पाठवतो. तिथला सर्व्हर कुलूप न उघडताच जुळणी करतो आणि उत्तर परत देतो, म्हणजे अ‍ॅपललाही फोटो दिसत नाही. गणित उत्तम आहे. तरी काहीतरी फोनबाहेर गेलंच, आणि विचारलं कुणी नव्हतं. मी ती सोय बंद केली.

त्या संध्याकाळी काकूंच्या फोनमध्ये सेफ्टीकोर आम्ही तसंच ठेवलं. काढायचं असतं तर सेटिंग्जमधल्या अ‍ॅप्सच्या यादीतून काढता येतं. बाळाचे पाच-सहा फोटो मात्र गूगल फोटोजच्या लॉक केलेल्या फोल्डरमध्ये हलवले आणि त्या फोल्डरचा बॅकअप बंद आहे ना, ते बघून घेतलं. बारशाचे फोटो राहू दिले, ते नाशिकरोडच्या मावशींपासून पुण्याच्या आत्यापर्यंत सगळ्यांना हवे होते. मग काकूंना आठवलं की न्हाऊमाखूचे निम्मे फोटो लेकीच्या फोनवर काढलेत. बाळ झोपलं होतं. त्यांनी लेकीला हळूच हाक मारली आणि तिचा फोन माझ्या हातात दिला.