निहोनजिनकाई आणि केनजिनकाई : मुक्कामाचा फरक

परदेशातील जपानी लोकांच्या संस्थांविषयी मराठीत काही वाचायला मिळाले की एक विधान हटकून भेटते: निहोनजिनकाई ही साऱ्या जपान्यांची मध्यवर्ती संस्था आणि केनजिनकाई ही तिची प्रांतवार शाखा. जपानी भाषेच्या वर्गांतही हेच सांगितले जाते आणि जपानी कंपन्यांशी रोजचा संबंध असलेले लोकही हेच गृहीत धरून चालतात. हे विधान चुकीचे आहे आणि ही चूक किरकोळ नाही, कारण ते एकदा मनात बसले की या संस्था चालवणारे स्वयंसेवक कोण असतात, त्यांच्या डोक्यावर कोणते ओझे असते आणि संस्था कशाच्या बळावर टिकते, हे सारेच उलटे समजते.

व्याप्तीचा फरक एका वाक्यात संपतो. निहोनजिनकाई सर्व जपान्यांसाठी असते आणि केनजिनकाई जपानच्या 47 प्रांतांपैकी कोणत्या तरी एका प्रांतातून आलेल्यांसाठी असते. केनजिनकाईची घडणही मराठी वाचकाला फार समजावून सांगण्याची गरज नाही. ज्याने लंडनमधील किंवा अमेरिकेतील महाराष्ट्र मंडळ जवळून पाहिले आहे, त्याला कायमची वस्ती केलेली माणसे, त्यांची मुले-नातवंडे, सणासुदीला दोन-दोनशे पानांचा स्वयंपाक आणि नव्या पिढीची भाषा सुटत चालल्याची काळजी हे सगळे ओळखीचेच आहे.

ब्राझीलमध्ये हेच चित्र मोठ्या प्रमाणावर दिसते. 1908 मध्ये ‘कासातो मारू’ या जहाजातून 781 कंत्राटी स्थलांतरित सांतोस बंदरात उतरले. त्यांत सर्वाधिक लोक ओकिनावाचे होते. पुढील दशकांत इतर प्रांतांतून कुटुंबेच्या कुटुंबे आली आणि तिथेच राहिली. आज तिथे सर्व 47 प्रांतांच्या केनजिनकाई आहेत, 1966 मध्ये उभा राहिलेला त्यांचा ‘केनरेन’ हा महासंघ आहे, आणि साओ पावलोत जुलैमध्ये भरणाऱ्या जपान महोत्सवात या संस्था आपापल्या प्रांताचे पदार्थ विकून वर्षाच्या खर्चाची तरतूद करतात. त्या ठेल्यामागे पीठ मळणारी आजी जपानमध्ये जन्मलेली असेल, पण गल्ल्यावर बसलेला नातू तिच्याशी पोर्तुगीजमध्येच बोलतो. त्याचे सभासदत्व त्याच्या पासपोर्टवर अवलंबून नसते. पणजोबा कोणत्या प्रांतातले, यावर ते मुख्यतः ठरते. यातली एकही केनजिनकाई कोणत्याही निहोनजिनकाईची शाखा नाही.

आता खऱ्या फरकाकडे वळू. निहोनजिनकाई, विशेषतः आशियातील शहरांमधली, परत जाणाऱ्या माणसांवर उभी असते. बँकॉकची निहोनजिनकाई 1913 ची आणि सिंगापूरची 1915 ची. युद्धात सिंगापूरची संस्था मोडली आणि 1957 मध्ये पुन्हा उभी राहिली. इतक्या जुन्या संस्थांमध्ये पिढ्यान्‌पिढ्यांचे सभासद असतील असे आपल्याला वाटते, आणि इथेच बहुतेकांचा पाय घसरतो. त्यांचे बहुसंख्य सभासद हे कंपनीने तीन ते पाच वर्षांसाठी पाठवलेले कर्मचारी आणि त्यांची कुटुंबे असतात. सभासदत्वाचे साधारण दोन प्रकार असतात, वैयक्तिक आणि कंपनीचे, आणि संस्थेचा आर्थिक भार मुख्यतः दुसऱ्या प्रकारावर असतो. कार्यकारिणीतील जागा बहुधा मोठ्या कंपन्यांच्या शाखाप्रमुखांकडे असतात. एखाद्या शाखाप्रमुखाची बदली झाली की त्याच्या जागी कंपनीत आलेला माणूस कार्यकारिणीतल्या त्या खुर्चीवरही येऊन बसतो. त्याने हे काम मागितलेले नसते. पदाबरोबर ते त्याच्याकडे चालत येते, तरीही त्याचा मोबदला त्याला मिळत नाही. आपण ज्याला स्वयंसेवा म्हणतो तिच्याहून ही वेगळी आहे, पण ती खोटी नाही. अनोळखी शहरात आल्यावर काही महिन्यांतच शेकडो कुटुंबांच्या क्रीडादिनाची जबाबदारी घेणे सोपे नसते.

म्हणून निहोनजिनकाई चालवण्याचे खरे कसब कार्यक्रम आखण्यात नाही, तर ‘हिकित्सुगी’त, म्हणजे सूत्रे सोपवण्यात आहे. जपानी आर्थिक वर्ष आणि शालेय वर्ष दोन्ही एप्रिलमध्ये सुरू होतात आणि बदल्यांचा मोठा हंगामही तोच असतो, त्यामुळे दर वसंतात कार्यकारिणीतील बरीच माणसे एकाच वेळी बदलतात. बोन ओदोरीच्या नाचासाठी मधोमध उभारायचा लाकडी मंच कोणत्या गोदामात ठेवला आहे, त्याचे सांधे कोणता सुतार जोडतो, मैदानाच्या परवानगीचा अर्ज किती आधी द्यावा लागतो आणि ध्वनिक्षेपक किती वाजता बंद करावे लागतात, हे सारे जाणाऱ्याने येणाऱ्यासाठी लिहून ठेवले नाही, तर पुढचा उत्सव शून्यापासून उभारावा लागतो. मराठी मंडळांत ही माहिती वीस वर्षे काम करणाऱ्या एखाद्या काकांच्या डोक्यात असते. निहोनजिनकाईला असे काका परवडत नाहीत, म्हणून तिथे वही महत्त्वाची ठरते. जपानी माणसाला कागदपत्रांचा सोस असतो असे जे सहज बोलले जाते, त्याचा मला मनापासून राग येतो. ज्या संस्थेतील माणसे टिकणारच नाहीत, तिची स्मृती कागदावरच राहू शकते.

या ओझ्यात सर्वांत जड भाग शाळेचा असतो. परदेशातील पूर्णवेळ जपानी शाळा अनेक ठिकाणी स्थानिक निहोनजिनकाईने उभ्या केल्या आहेत. सिंगापूरची शाळा 1966 मध्ये अशीच सुरू झाली. शिक्षक जपान सरकार पाठवते, पण इमारत, शुल्क, बसगाड्या आणि स्थानिक कर्मचारी यांचा हिशेब व्यवस्थापन समितीच्या गळ्यात असतो, आणि त्या समितीत बसणारे पालक मुलांसह मायदेशी परतणारे असतात. मुलाला परतल्यावर जपानमधील वर्गात अडचणीविना बसता यावे हा या शाळेचा हेतू आहे. केनजिनकाईची धडपड उलट दिशेची असते: जे कधीच परतणार नाहीत त्यांना मूळ गावाशी बांधून ठेवण्याची. त्यासाठी काही प्रांत स्थलांतरितांच्या वंशजांना शिष्यवृत्ती देऊन शिकायला बोलावतात, आणि ओकिनावा 1990 पासून साधारण दर पाच वर्षांनी जगभरच्या आपल्या लोकांचा मेळावा भरवते.

हा फरक समजला की मुंबईत निहोनजिनकाई आणि जपानी शाळा का आहे, पण ब्राझीलसारखी केनजिनकाई का नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही. जमशेटजी टाटांच्या पुढाकाराने 1893 मध्ये निप्पॉन युसेन काइशा या कंपनीने मुंबई ते जपान जहाजवाहतूक सुरू केली ती कापसासाठी, आणि तिच्यामागोमाग मुंबईत आले ते व्यापारी पेढ्यांचे लोक. जमीन कसायला कुटुंबकबिल्यासह इथे कोणी आले नाही. पुण्यात जपानमधील ओकायामा प्रांताच्या मैत्रीखातर उभारलेले उद्यान आहे म्हणून तिथल्या जपानप्रेमी मंडळींना ‘ओकायामाची केनजिनकाई’ म्हणणारेही भेटतात. ते मैत्रीमंडळ आहे, तिथे कोणीही सभासद होऊ शकतो, आणि इथे त्याचा विषय नाही.

निहोनजिनकाईच्या रचनेत एक दोष मात्र मला मोठा वाटतो. कंपनीने पाठवलेल्यांखेरीज प्रत्येक शहरात असे जपानी असतात जे तिथेच नोकरी शोधून राहिले, तिथेच लग्न करून स्थिरावले किंवा छोटे उपाहारगृह चालवतात. शहराची भाषा, कायदे आणि दवाखाने त्यांनाच ठाऊक असतात, आणि अडचणीच्या वेळी फोन त्यांनाच जातो. तरी कार्यकारिणीत त्यांना जागा कमी मिळते, कारण तिथल्या खुर्च्या बहुधा मोठी वर्गणी देणाऱ्या कंपन्यांकडे असतात. त्यांच्यासाठी काही जागा राखून ठेवल्याच पाहिजेत असे माझे ठाम मत आहे. सिंगापूरची निहोनजिनकाई हौगांगमधील 1891 पासूनची जपानी दफनभूमी आजही सांभाळते, आणि तिथे पुरलेल्यांत कंपनीने पाठवलेल्यांपेक्षा पोटासाठी आलेल्या गरीब बायका कितीतरी अधिक आहेत.

निहोनजिनकाई ही जपानी वकिलातीचाच भाग आहे असाही एक गोंधळ असतो, तो थोडक्यात मिटवता येतो. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील जपानी संघटनांना वाणिज्य दूतावासाने प्रमाणपत्रांचे काही अधिकार सोपवले होते, ही गोष्ट खरी आहे. आज तसे काही नाही. तीन महिने किंवा त्याहून अधिक काळ परदेशी राहणाऱ्या जपानी नागरिकाला आपल्या वास्तव्याची नोंद दूतावासाकडेच करावी लागते आणि निहोनजिनकाईचे सभासदत्व पूर्णपणे ऐच्छिक असते.

एक अपवाद सांगितला पाहिजे. बँकॉक किंवा शांघायमध्येही ‘केनजिनकाई’ नावाचे गट आढळतात, पण ते बहुधा एकाच प्रांतातून नोकरीनिमित्त आलेल्यांचे महिन्या-दोन महिन्यांनी एकत्र जेवायला बसण्याचे गट असतात. नाव तेच असले तरी घडण मुक्कामी माणसांची, म्हणजे निहोनजिनकाईच्या जातकुळीतली असते.

एखाद्या मराठी संस्थेला यांच्याबरोबर संयुक्त कार्यक्रम करायचा असेल, तर निहोनजिनकाईला मार्चमध्ये पत्र पाठवू नये, कारण ते जाणाऱ्याच्या टेबलावर पडून राहते. मेनंतर लिहावे, ते व्यक्तीच्या नावे न लिहिता पदाच्या नावे लिहावे आणि मागील पत्रव्यवहाराची प्रत सोबत जोडावी. केनजिनकाईकडे मात्र आधी ओळखीच्या माणसाकडून शब्द टाकावा, मग कागद पाठवावा.