बाद नोट आणि मागे घेतलेली नोट: दोन्हींत फरक आहे

गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत आईच्या कपाटातल्या इरकली लुगड्याच्या घडीतून चार नोटा निघाल्या. दोन गुलाबी, दोन हजारांच्या आणि दोन जुन्या हजाराच्या. अडीअडचणीला असाव्यात म्हणून तिने कधीतरी ठेवल्या होत्या आणि मग विसरून गेली होती. भाऊ म्हणाला, "आई, या सगळ्या बाद झाल्या गं. राहू देत आठवण म्हणून." आईचा चेहरा उतरला. सहा हजार गेले, असंच तिने धरलं.

प्रत्यक्षात गेले होते दोन हजार. उरलेले चार हजार शाबूत होते.

हा घोळ आपल्याकडे घरोघरी होतो आणि त्याच्या मुळाशी 'बाद' हा शब्द आहे. वेगवेगळ्या दोन गोष्टींना आपण हा एकच शब्द लावतो. सरकार एखाद्या नोटेचं चलन म्हणून असलेलं कायदेशीर मोल काढून घेतं, ती झाली रद्द. रिझर्व्ह बँक एखादी नोट छापणं थांबवते, लोकांकडून परत गोळा करते, पण तिचं मोल कायम ठेवते, ती झाली मागे घेतलेली. रद्द नोटेचा कागद उरतो. मागे घेतलेली नोट फक्त हातात येईनाशी होते.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री जुन्या पाचशे आणि हजाराच्या नोटांचं जे झालं ते रद्द होणं. ते रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम २६ खाली, केंद्र सरकारच्या अधिसूचनेने झालं. बदलून घ्यायची मुदत संपल्यावर त्या नोटांना काही किंमत उरली नाही. उलट २०१७ च्या कायद्याने अशा दहाहून जास्त नोटा जवळ ठेवणं हा दंडाचा गुन्हा ठरला. अभ्यास, संशोधन किंवा नाणकशास्त्रासाठी ठेवायच्या असतील, तर मर्यादा पंचवीस नोटांची आहे. आईच्या दोन नोटा घरात राहायला काहीच हरकत नव्हती.

दोन हजारांच्या नोटेचं प्रकरण निराळं. १९ मे २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने ती चलनातून मागे घेतली आणि त्याच निवेदनात ती वैध चलन राहील असंही सांगितलं. हे दुसरं वाक्य बऱ्याच जणांपर्यंत पोचलंच नाही. ७ ऑक्टोबर २०२३ पर्यंत ती कुठल्याही बँकेत भरता किंवा बदलता येत होती. त्यानंतर हे काम रिझर्व्ह बँकेच्या एकोणीस कार्यालयांकडे गेलं. महाराष्ट्रात ती मुंबई, बेलापूर आणि नागपूरला आहेत, पुण्यात नाही. पण त्यासाठी पुणेकराने बेलापूर गाठलंच पाहिजे असं नाही. अर्ज, ओळखपत्राची प्रत आणि बँक खात्याचा तपशील जोडून नोटा पोस्टाने पाठवता येतात, पैसे खात्यात जमा होतात. आम्ही तेच केलं.

आता प्रश्न दुकानाचा. दोन हजारांची नोट घेऊन तुळशीबागेत खरेदीला गेलात तर बहुतेक दुकानदार ती घेणार नाहीत, आणि त्यांच्यावर रागावण्यात अर्थ नाही. नोट वैध असली तरी त्यांना ती पुढे कुणाला देता येत नाही, आणि स्वतःच्या बँकेतही आता भरता येत नाही. इथे कायदा आणि सोय यांचे रस्ते वेगळे होतात. दहाच्या नाण्याबाबत मात्र दुकानदाराला अशी कुठलीही सबब नाही. ते बँकेत चालतं, बसमध्ये चालतं, सगळीकडे चालतं. तरी ते नाकारलं जातं, आणि याची मला मनापासून चीड येते.

आमच्या शेजारी खोली घेऊन राहणारा एक मुलगा नांदेडकडचा आहे. सुट्टीहून परत येताना तो लोणच्याच्या बरणीबरोबर दहाच्या नाण्यांची पिशवी घेऊन येतो. "आमच्याकडं कुणी घेतच नाहीत, काकू. दुकानदार म्हणतो बंद झालंय. म्हणून घरात साठलेली सगळी पुण्यात आणून खपवतो." एका राज्यातल्या दोन गावांत एकाच नाण्याची ही दोन नशिबं!

अफवेचं मूळ नाण्याच्या नक्षीत आहे. २०११ च्या आधीच्या दहाच्या नाण्यांवर '₹' हे चिन्ह नाही, कारण ते चिन्हच २०१० मध्ये आलं. त्या जुन्या नाण्यांपैकी एका प्रकारावर वरच्या बाजूला पंधरा रेषा आहेत. चिन्ह असलेल्या नव्या नाण्यावर दहा रेषा आहेत. कुणीतरी उठवलं की दहा रेषांचं खरं आणि पंधरा रेषांचं खोटं, आणि लोक गल्ल्यासमोर उभे राहून रेषा मोजायला लागले. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१६ मध्ये आणि पुन्हा १७ जानेवारी २०१८ रोजी खुलासा केला. दुसऱ्या खुलाशात स्पष्ट म्हटलं आहे की तोवर दहाची नाणी चौदा नमुन्यांत निघालेली आहेत आणि चौदाही वैध आहेत. नाणी सरकार पाडतं, रिझर्व्ह बँक ती वाटते. नवा नमुना आला म्हणून जुना बाद होत नाही. ज्याला शंका असेल त्याने १४४४० या क्रमांकावर फोन करावा, नाण्यांची माहिती तिथे ऐकवली जाते.

खरा सावधपणा हवा आहे तो वीसच्या नाण्याशी. मंडईत कोथिंबीर घेताना मी वीसचं नाणं दिलं, मावशींनी ते दहाच्या ढिगात टाकलं आणि दहाच्या हिशेबाने सुट्टे परत दिले. त्यांची चूक नव्हती. दोन्ही नाणी २७ मिलिमीटरची, दोन्ही दुरंगी. तळहातावर शेजारी ठेवली की भेद कळतो: दहाच्या नाण्याची कडा सोनेरी आणि मध्य पांढरा, वीसचं बरोबर उलटं, कडा पांढरी आणि मध्य सोनेरी. बोटाने चाचपलं तर अजून सोपं. दहाचं गोल आहे, वीसचं बारा कोनांचं. मावशींनी डोळे मिटून दोन्ही नाणी अंगठ्याखाली फिरवली आणि म्हणाल्या, "हां ताई, ह्याला कंगोरा हाय."

वैध पण फारसं न दिसणारं आणि सरळ रद्द झालेलं, यांची सर्वांत जवळची जोडी म्हणजे आठाणे आणि चाराणे. दोन्ही आपल्या लेखी इतिहासजमा. कायद्याच्या लेखी तसं नाही. चाराणे, म्हणजे पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ पासून चलन राहिली नाहीत. गेंड्याचं चित्र असलेलं ते पोलादी चाराण्याचं नाणं आता खेळायलाच. आठाणे, म्हणजे पन्नास पैसे मात्र आजही वैध आहेत. मुठीचं चित्र असलेलं असो किंवा '₹' चिन्हाचं, दोन्ही. फक्त त्याला मर्यादा आहे: २०११ च्या नाणे कायद्यानुसार आठाण्यांनी एका वेळी दहा रुपयांपर्यंतचं देणं फेडता येतं, म्हणजे वीस नाणी. एक रुपया आणि वरच्या नाण्यांसाठी ही मर्यादा हजार रुपये आहे. त्यामुळे कुणी पाच हजारांचं बिल रुपया-रुपयाच्या नाण्यांनी भरू पाहिलं, तर दुकानदाराने नको म्हणणं रास्तच आहे.

आता पन्नास पैशांत काहीच मिळत नाही, त्यामुळे आठाणे खर्चायला ठिकाण नाही. ते बँकेत न्यावेत. सर्व मूल्यांची नाणी सर्व शाखांनी घ्यावीत अशा रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. एका शाखेत खिडकीवरच्या बाईंनी मला आधी "नाही घेत" म्हणून परत पाठवलं. मी शाखाधिकाऱ्यांना शांतपणे तोच नियम सांगितला, आणि नाणी घेतली गेली. एक गोष्ट आपणही करावी: नाणी सुटी ओतू नयेत. शंभर-शंभरच्या पारदर्शक पिशव्या करून नेल्या की मोजणाऱ्याचाही वेळ वाचतो.

छोट्या नोटांचं लवकर सांगून टाकते. रुपयाची, दोनची, ट्रॅक्टरचं चित्र असलेली पाचची, या सगळ्या वैध आहेत. एक रुपयाची नोट तर रिझर्व्ह बँकेची नसते, भारत सरकारची असते, तिच्यावर सही वित्त सचिवांची. ती २०१५ पासून पुन्हा छापली गेली. या नोटा लाखोंना विकल्या जातात असं सांगणाऱ्यांना एक रुपयाही पाठवू नका. रिझर्व्ह बँकेच्या नावाने शुल्क आणि कमिशन मागणाऱ्यांबद्दल खुद्द बँकेने २०२१ मध्ये इशारा दिला होता.

स्मरणार्थ काढलेल्या नाण्यांतही दोन जाती आहेत. छत्रपती शिवाजी महाराजांचं १९९९ चं दोन रुपयांचं, लोकमान्य टिळकांचं २००७ चं पाच रुपयांचं, बाबासाहेब आंबेडकरांचं २०१५ चं दहाचं, ही बाजारात फिरण्यासाठीच पाडलेली. भाजीवाल्याने अनोळखी चित्र पाहून परत केली, तर त्याला समजावून सांगा, चालतात. नव्या संसद भवनाचं २०२३ चं पंचाहत्तर रुपयांचं नाणं त्या जातीचं नाही. ४४ मिलिमीटरचं, निम्मी चांदी असलेलं. सरकारी टांकसाळ ते दर्शनी किमतीच्या कितीतरी पट दराने संग्राहकांना विकते. ते कुणी पंचाहत्तर रुपयांना खर्चू नये.

पेशवाईत याच पुण्यात निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये चालत. अंकुशी रुपया इथलाच. सराफ प्रत्येकाचं वजन आणि कस बघून बट्टा, म्हणजे किमतीतली तूट, कापत, आणि 'नावाला बट्टा लागणे' तिथूनच बोलीत आलं. तेव्हा नाण्याचं मोल त्यातल्या चांदीचं होतं, म्हणून परखणं भाग होतं. आजचं दहाचं नाणं सगळ्यांचं सारखं आहे. त्याला कमी लेखण्याचा अधिकार कुठल्याही गल्ल्याला नाही, आणि भाजी विकून आलेल्या बाईच्या कनवटीतलं नाणं नाकारलं जातं, तेव्हा तिच्या दिवसभराच्या कष्टातून तेवढा बट्टा कापलेला असतो.

पोस्टाने पाठवलेल्या नोटांचे चार हजार आईच्या खात्यात जमा झाले. तिने ते माझ्याकडून पाचशेच्या आठ नोटांत मागून घेतले, दोनदा मोजले आणि लुगड्याच्या त्याच घडीत ठेवून दिले.