नामाश्रय (ख्रिस्ती धर्म)

संकटात, भयात किंवा अपराधभावनेत देवाच्या नामाचा धावा करून त्यात आसरा व बळ मिळते, या ख्रिस्ती श्रद्धेस नामाश्रय म्हणता येईल. तिचे सर्वपरिचित वचन जुन्या करारातील नीतिसूत्रे 18:10 हे असून, परमेश्वराचे नाम हा बळकट दुर्ग आहे आणि नीतिमान मनुष्य त्यात धावत जाऊन सुरक्षित राहतो, असा त्याचा आशय आहे. येथील ‘मिग्दल-ओझ’ (बळकट बुरूज) हा हिब्रू शब्दप्रयोग जुन्या करारातीलच शास्ते 9:51 मध्येही येतो. गिदोनाचा पुत्र अबीमलेख या राजाने तेबेस नगर घेतले तेव्हा तेथील स्त्रीपुरुष ज्या बुरुजात शिरून दार लावून वर चढले, त्याला तो वापरला आहे. तेव्हा ही प्रतिमा राजवाड्याची नसून जीव घेऊन पळणाऱ्यांच्या शेवटच्या आसऱ्याची आहे. लगतचे 18:11 हे वचन मात्र सहसा उद्धृत होत नाही. धनवानाचे धन हे त्याच्या कल्पनेत त्याचे तटबंदीचे नगर असते, असे ते सांगते, आणि दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय पहिल्याची धार कळत नाही.

हिब्रू विचारात नाव म्हणजे केवळ हाक मारण्याची खूण नव्हे. व्यक्तीचा स्वभाव, अधिकार आणि सान्निध्य त्यात सामावलेले असते. जळत्या झुडपापाशी मोशेने नाव विचारले असता मिळालेले ‘मी आहे तो आहे’ हे उत्तर (निर्गम 3:14) चार व्यंजनांच्या (य-ह-व-ह) देवनामाशी जोडले जाते. ते नाव उच्चारायचे नाही, या यहुदी मर्यादेमुळे त्याजागी ‘प्रभू’ या अर्थाचा शब्द वाचला जाऊ लागला. मराठी भाषांतरांत तेथे ‘परमेश्वर’ आढळतो.

नव्या करारात हा आश्रय येशूच्या नावाशी जोडला गेला. ‘येशू’ या नावाचे मूळ ‘परमेश्वर तारतो’ या अर्थाच्या हिब्रू नावात आहे. जो कोणी परमेश्वराच्या नामाचा धावा करील तो तरेल, हे योएल संदेष्ट्याचे वचन पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात (10:13) येशूला लावले आहे.

नाम म्हणजे मंत्र काय, हा प्रश्न या श्रद्धेची पाठ कधीच सोडत नाही. स्किवा नावाच्या यहुदी याजकाचे सात पुत्र येशूच्या नावाने भुते काढू पाहतात आणि उघडेनागडे, घायाळ होऊन पळतात, ही प्रेषितांची कृत्ये 19 मधील हकिगत त्याचे उत्तर काहीशा मिस्कीलपणे देते : ज्याचे नाव घ्यायचे त्याच्याशी नाते नसेल, तर उच्चाराला बळ नाही. तरीही उच्चाराची ओढ राहिलीच. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मठांत ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर’ ही प्रार्थना श्वासाच्या लयीत अखंड म्हणण्याची साधना रुजली. देवाचे नाम हे स्वतः देवच होय, असे मानणाऱ्या ग्रीसमधील अ‍ॅथॉस या मठांच्या पर्वतावरील शेकडो रशियन संन्याशांना 1913 मध्ये सैनिक पाठवून तेथून हलवण्यात आले. एका नामाच्या अर्थावरून इतकी टोकाची कारवाई क्वचितच झाली असेल. पश्चिमेत पंधराव्या शतकात सिएनाचे बर्नार्दिनो येशूच्या नावाची अक्षरे सूर्यकिरणांत रेखलेली पाटी प्रवचनात लोकांपुढे धरीत. त्यावरून त्यांच्यावर पाखंडाचा आरोप झाला, पण ते निर्दोष ठरले. ही नाममुद्रा पुढे जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाने स्वीकारली, आणि जुन्या गोव्यातील बॉम जेझूस बासिलिकेच्या दर्शनी भागावर ती आजही दिसते.

मराठीत ‘नाम’ या शब्दामागे वारकरी नामस्मरणाचा मोठा वारसा आहे. त्यामुळे मराठी ख्रिस्ती माणसाला ही कल्पना परकी वाटत नाही, आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांनी (1861–1919) ख्रिस्तभक्तीसाठी अभंगाची वाट धरली, तेव्हा हा वारसा आपसूकच सोबत आला. दोन्ही परंपरा एकच आहेत असे मात्र म्हणता येत नाही : ख्रिस्ती उपासनेत नाम एका विशिष्ट ऐतिहासिक व्यक्तीच्या मरणाशी व पुनरुत्थानाशी बांधलेले असते. पुण्यातील पंचहौद परिसरातले एकोणिसाव्या शतकातील देवालय ‘पवित्र नाम देवालय’ म्हणूनच ओळखले जाते.