कुरवांच्या पायातलं रंगीत कडं: पार्श्वभूमी

युरोपातल्या बंदरांवर आणि कचरा डेपोंवर हिवाळ्यात काही माणसं टेलिस्कोप लावून कुरवांचे, म्हणजे सीगलचे, पायच तेवढे न्याहाळत असतात. एखाद्या पायात रंगीत प्लास्टिकचं कडं दिसतं, त्यावर तीन-चार अक्षरं. ती वाचता आली की तो पक्षी कुठल्या वसाहतीत, कोणत्या साली जन्मला ते कळतं.

पक्ष्यांना कडी घालण्याचं काम पद्धतशीरपणे सुरू केलं डेन्मार्कमधल्या विबोर्ग गावचे शिक्षक हान्स मोर्टेन्सन यांनी. १८९० मध्ये त्यांनी जस्ताची कडी करून पाहिली, ती जड ठरली. १८९९ मध्ये त्यांनी ॲल्युमिनियमच्या हलक्या कड्यांवर क्रमांक आणि पत्ता कोरून ती १६५ स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायात अडकवली. दहा वर्षांत जर्मनी आणि ब्रिटनमध्येही हे काम सुरू झालं. आपल्याकडे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने, म्हणजे बीएनएचएसने, १९२७ मध्ये धार संस्थानात पहिली कडी घातली.

पण धातूच्या कड्यावरचा बारीक मजकूर वाचायला बहुतेक वेळा पक्षी हातात यावा लागे, आणि तो हातात येई तो बहुधा मेल्यावरच. हजारो पक्ष्यांना कडी घालायची आणि मोजक्यांचीच खबर मिळायची. तीही प्रवासाच्या दोन टोकांची, मधलं सगळं कोरं.

नेदरलँड्समध्ये प्राणिशास्त्रज्ञ निको टिंबर्गन यांनी हेरिंग गल या जातीच्या कुरवांच्या वसाहतीत एकेक पक्षी ओळखण्यासाठी रंगीत कडी वापरली होती. मात्र नुसत्या रंगांच्या जोड्या मोजक्याच पक्ष्यांना पुरतात. खरा बदल घडवला दोन थरांच्या पीव्हीसीने. वरचा थर कोरला की खालचा वेगळा रंग उघडा पडतो आणि अक्षरं लांबूनही ठळक दिसतात. इंग्लंडमध्ये ही कडी आधी हंसांना घातली गेली, मग कुरवांना. कुरव त्यासाठी उत्तमच: आकाराने मोठा, दीर्घायुषी, उघड्यावर तासन्‌तास उभा राहणारा.

आता एकाच पक्ष्याच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी जमू लागल्या. लेसर ब्लॅक-बॅक्ड गलचंच पाहा. पूर्वी ब्रिटनमधले जवळजवळ सगळे हिवाळ्यात स्पेन, पोर्तुगाल आणि वायव्य आफ्रिकेकडे जात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांतले बरेच मागेच राहू लागले. कचरा डेपोंवर मिळणारं आयतं खाणं हे त्याचं एक कारण मानलं जातं. कोण राहतो, कोण जातो आणि गेलेला दरवर्षी त्याच किनाऱ्यावर उतरतो का, हे जिवंत पक्षी पुन्हा पुन्हा दिसल्याशिवाय कळलंच नसतं. याच जातीचे फिनलंडमधले पक्षी तर पार पूर्व आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत जातात. ही माहिती गोळा झाली ती मुख्यतः हौशी निरीक्षकांच्या चिकाटीतून, आणि मला यातलं सर्वांत मोलाचं तेच वाटतं.

याच जातीचा जवळचा नातलग, ह्यूग्लिन्स गल, उत्तर रशियाच्या टुंड्रातून हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर येतो. एलिफंटाच्या लाँचमागे उडणाऱ्या कुरवांचे फोटो तर रोज शेकड्यांनी निघतात. ते मोठे करून पाय जरूर पाहावेत. कडं दिसलं तर त्याचा रंग, अक्षरांचा रंग आणि क्रम, डावा पाय की उजवा, तारीख आणि ठिकाण लिहून फोटोसह बीएनएचएसला कळवावं. अक्षरं अर्धवट वाचता आली तर तेवढीच लिहावीत, अंदाजाने पुरी करू नयेत.