अर्धा अँटेना गाडीच्या टपात असतो

"काय गा, पन्नास वॅटचा घेतला तर कणकुंबीतून बेळगाव लागतंय काय?"

जांबोटीकडच्या माझ्या मित्राचा हा प्रश्न. गडी नुकताच हॅम रेडिओची, म्हणजे हौशी रेडिओची, परीक्षा पास झालेला, कॉल साईन, म्हणजे हवेतलं त्याचं अधिकृत नाव, हातात आलेली, दारात जुनी जीप. कणकुंबीवरून जाणाऱ्या चोर्ला घाटाच्या वाटेवर मोबाईलचे दांडे एकेक करून कसे गळतात हे त्या रस्त्याने गोव्याला गेलेल्या कुणालाही सांगायला नको. त्यातून २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुराने पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला आणि निपाणीपासून खानापूरपर्यंत सगळा मुलूख जागच्या जागी अडकला, ती आठवण इकडे अजून ओली आहे. तेव्हा गाडीत रेडिओ असावा असं त्याला वाटलं तर नवल नाही. त्याची चूक एवढीच, की दुकानात शिरल्याबरोबर त्यानेही सगळ्यांसारखंच पहिल्यांदा विचारलं, "किती वॅट?"

वॅटबद्दल बोलण्याआधी परवान्याचं एका दमात सांगतो, कारण ते टाळता येत नाही. वॉकीटॉकी ऑनलाइन खेळण्यांसारखे विकले जाताहेत म्हणून २०२५ च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ ऑनलाइन बाजारपेठांना नोटिसा पाठवल्या. आपल्याकडे ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झच्या चिंचोळ्या पट्ट्यात अगदी कमी शक्तीचे, हातात धरायचे संच विनापरवाना चालतात. गाडीत बसवायचा २५ किंवा ५० वॅटचा संच त्यात बसत नाही. हॅमची परीक्षा देऊन परवाना घेतलात तर १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा तुम्हाला खुला आहे. पण त्यावर धंद्याचं बोलणं चालत नाही. ऊसवाहतुकीचे ट्रॅक्टर हाकण्यासाठी रेडिओ हवा असेल तर त्याचा परवाना वेगळा, दूरसंचार विभागाच्या 'सरल संचार' पोर्टलवर अर्ज करून मिळवायचा. कुणाला किती वॅट वापरता येतील हेही परवान्यातच लिहिलेलं असतं, ते वाचा. संपलं.

आता वॅट. पाचाचे पन्नास केले की रेंज दहापट होते, हा हिशेब दुकानदारही सांगतो आणि खोक्यावरचं चित्रही. खरा हिशेब निराळा. मोकळ्या आकाशात, मध्ये काहीही नसताना, लहरींची शक्ती अंतराच्या वर्गाने पातळ होत जाते. म्हणून शक्ती दहापट केली तर अंतर वाढतं दहाच्या वर्गमुळाएवढं, म्हणजे सव्वातीन पटीहून थोडं कमीच. जमिनीलगत तर याहून वाईट. सरळ येणारी लहर आणि जमिनीवर आपटून येणारी लहर एकमेकींना खातात आणि शक्ती अंतराच्या चौथ्या घाताने घटते. तिथे दहापट वॅटमागे अंतर पावणेदोन पटीहून किंचित जास्त. रेडिओवरच्या सिग्नलच्या पट्टीत एक घर सुमारे ६ डेसिबलचं (डेसिबल म्हणजे शक्ती किती पट झाली हे मोजायचं माप) मानतात. पाचावरून पन्नासवर जाणं म्हणजे १० डेसिबल, म्हणजे दोन घरंसुद्धा नाहीत.

आणि मध्ये डोंगर आडवा असेल तर? १४५ मेगाहर्ट्झच्या लहरी बहुतेक नजरेच्या रेषेत जातात, क्षितिजापलीकडे थोड्या वाकतात इतकंच. त्यांचं क्षितिज काढायचं सूत्र सोपं आहे: अँटेनाची मीटरमधली उंची घ्या, तिचं वर्गमूळ काढा, ४.१२ ने गुणा, उत्तर किलोमीटरमध्ये. जीपवरचा अँटेना जमिनीपासून २ मीटर धरला तर क्षितिज सहा किलोमीटरच्याही आत. तशाच दोन जीपा सपाट माळावर असल्या तर दोघींची क्षितिजं मिळून बारा. त्यातली एक शिवारापेक्षा १०० मीटर उंच टेकडीवर नेऊन उभी करा, येळ्ळूरच्या राजहंसगडाची चढण डोळ्यांपुढे आणा हवं तर, की हाच आकडा सत्तेचाळीस किलोमीटरवर जातो. एका वॅटचीही भर न घालता. मी मित्राला सांगितलं, घाटातल्या वळणावर उभा राहून बटण दाबत बसू नको, दोनशे पावलं चढून उघड्यावर ये.

पण माणूस डोंगर बरोबर घेऊन फिरू शकत नाही. आपल्या हातात असतो अँटेना. आणि इथे माझा आवडता भाग सुरू होतो, तेव्हा थोडं सोसा.

प्रकाशाचा वेग सेकंदाला ३० कोटी मीटर. त्याला १४५ मेगाहर्ट्झने, म्हणजे सेकंदाला साडेचौदा कोटी कंपनांनी, भागलं की एका लहरीची लांबी येते, २ मीटर ७ सेंटिमीटर. अँटेना उत्तम चालायला त्याची लांबी लहरीच्या निम्मी असावी लागते. रेडिओलहरी पहिल्यांदा प्रयोगाने दाखवणाऱ्या हाइनरिश हर्ट्झने १८८७-८८ मध्ये जे प्रयोग केले त्यातला अँटेना असाच दोन हातांचा होता, मधोमध ठिणगी आणि दोन्ही बाजूंना एकेक धातूचा हात. मग गाडीवर जवळजवळ एक मीटरची दांडी हवी, तीही मधून वीज द्यायची. प्रत्यक्षात आपण गाड्यांवर बघतो ती दांडी पन्नास सेंटिमीटरच्या आसपास, आणि वीज देतो बुडातून. लहरीचा पाव हिस्सा ५१.७ सेंटिमीटर. दांडीला जाडी असते म्हणून त्यातून पाचेक टक्के छाटायचे, उरले ४९. म्हणजे अँटेना अर्धाच लावलाय. उरलेला अर्धा कुठे गेला?

तो गाडीच्या टपात आहे. ही उपमा नव्हे.

समजा दांडीत एक धन वीजभार आहे आणि तिच्याखाली पत्र्याचा रुंद टप आहे. पत्र्यातले इलेक्ट्रॉन मोकळे असतात. वरचा धन भार त्यांना ओढतो आणि ते दांडीच्या बुडाभोवती गोळा होतात. किती आणि कुठे गोळा व्हायचं हे त्यांना कुणी सांगत नाही. पत्र्याच्या पृष्ठभागाला समांतर असं विद्युतक्षेत्र शून्य होईपर्यंत ते सरकत राहतात, कारण ते शून्य नसेल तोवर त्यांना ढकलणारं काहीतरी शिल्लक असतं. आता गंमत अशी, की सरकून थांबल्यावर पत्र्याच्या वरच्या बाजूला जे क्षेत्र तयार होतं ते तंतोतंत तसंच असतं, जसं पत्रा काढून टाकून त्याच्या खाली, तेवढ्याच खोलीवर, एक ऋण भार ठेवल्यावर झालं असतं. आरशातलं प्रतिबिंबच, फक्त उलट चिन्हाचं.

पुढचं पाऊल जपून टाका. दांडीतला धन भार वर चढला की प्रतिबिंबातला ऋण भार खाली उतरणार. ऋण भार खाली जाणं म्हणजे विद्युतप्रवाह वरच्या दिशेने असणं. म्हणजे खरी दांडी आणि प्रतिबिंबातली दांडी, दोन्हींत प्रवाह एकाच दिशेने वाहतो. दोन पाव मिळून पूर्ण अर्धी लहर झाली, हर्ट्झचा दोन हातांचा अँटेना परत मिळाला. एक हात स्टीलचा, एक हात टपाने दाखवलेला. याचा पुरावा मीटरवर वाचता येतो: दोन हातांच्या अँटेनाचा रोध साधारण ७३ ओहम असतो, आपल्या दांडीचा त्याच्या बरोबर निम्मा, ३६ च्या जवळपास.

हाच हिशेब दांडी आडवी करून पुन्हा मांडा. धन भार उजवीकडे निघाला तर प्रतिबिंबातला ऋण भारही उजवीकडेच निघतो, आणि ऋण भार उजवीकडे म्हणजे प्रवाह डावीकडे. दोघांची लहर एकमेकांना पुसून टाकते. घाटात फांद्या लागतात म्हणून दांडी टपावर झोपवून बोलणारे लोक मी पाहिलेत. त्यांचा रेडिओ त्या वेळी स्वतःच्याच प्रतिबिंबाशी भांडत असतो.

प्रतिबिंब पडायला आरसा पुरेसा मोठा हवा. दांडीच्या चहूबाजूंना निदान पाव लहरीएवढा, म्हणजे अर्ध्या मीटरचा पत्रा असावा. साध्या मोटारीचा टप मधोमध अगदी एवढाच भरतो, हे आपलं नशीब. म्हणून टपाचा मध्य ही जागा सगळ्यांत चांगली. छताला मोठी काच असलेल्या नव्या गाड्या आकाश दाखवतात खऱ्या, पण काचेत हे प्रतिबिंब पडत नाही. रिक्षाच्या रेक्झिनच्या हुडाचंही तेच. चुंबकाच्या बुडाचा अँटेना रंगावर चिकटवला तर वीज पत्र्यापर्यंत पोचते कशी, असं एका विद्यार्थ्याने विचारलं होतं. चांगला प्रश्न. चुंबकाखालची चकती आणि टप हे दोन पत्रे, मध्ये रंगाचा पातळ थर, म्हणजे आपोआप कपॅसिटर तयार झाला. सेकंदाला साडेचौदा कोटी वेळा मागे-पुढे होणाऱ्या प्रवाहाला तो थर दिसतही नाही.

हीच ४९ सेंटिमीटरची दांडी ४३५ मेगाहर्ट्झवरही बऱ्यापैकी चालते, कारण ४३५ म्हणजे १४५ चे बरोबर तिप्पट आणि पाव लहरीची तिथे पाऊण लहर होते. अर्थात घाटातल्या ओल्या रानात ४३५ पेक्षा १४५ बरा. लांब लहर कड्यावरून थोडी जास्त वाकते आणि पाना-फांद्यांत कमी मुरते.

वॅटपेक्षा अँटेनावर खर्च करा म्हणतो त्याचं आणखी एक कारण आहे. जास्त वॅटने फक्त तुमचा आवाज मोठा होतो. चांगला अँटेना पाठवतानाही मदत करतो आणि ऐकतानाही. नाहीतर तोंड हत्तीएवढं आणि कान मुंगीएवढे, अशी गत. तुम्ही ओरडताय, समोरचा उत्तर देतोय, आणि तुम्हाला खरखरीपलीकडे काही नाही.

त्यातच मोबाईलच्या मागे लावायचे 'सिग्नल वाढवणारे' स्टिकर विकणारी मंडळी आहेत. सोनेरी कागदावर नक्षी छापलेली. तो कागद कशालाही जोडलेला नसतो, त्याला वीज नसते, त्याची लांबी कुठल्या लहरीशी मोजून काढलेली नसते. बंपरला टांगलेली लिंबू-मिरची निदान कुठल्या वारंवारतेवर काम करते असा दावा तरी करत नाही.

आता संच. आटोपशीर संच मुठीत मावेल एवढे आले आहेत, २० ते २५ वॅटचे, आणि माझं मत विचाराल तर जीपेला तेवढे भरपूर. मात्र लहान खोक्यात उष्णता कोंडते. २५ वॅट बाहेर टाकणारा संच १३.८ व्होल्टवर ५ अँपिअर घेत असेल तर आत जातात ६९ वॅट, उरलेले ४४ वॅट खोक्यातच तापतात. सीटखाली गोणपाटात गुंडाळून ठेवू नका, बोलणं आटोपशीर ठेवा. लायटरच्या भोकातून वीज घ्यायचा मोह आवरा, ५० वॅटच्या संचाला तर नाहीच. थेट बॅटरीपासून तांब्याची वायर ओढा, फ्यूज बॅटरीजवळ. वायरची जाडी बघा: बॅटरी ४ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ८ मीटर झाले, १ चौरस मिलिमीटरच्या वायरीत १० अँपिअरला जवळजवळ १.४ व्होल्ट वाटेतच मरतात. अडीचची घेतली तर अर्धा व्होल्ट.

आणि मोठ्या ट्रकवाल्यांनो, तुमच्याकडे दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट असतात, संचाला लागतात १३.८. हे मला पुस्तकातून माहीत होतं. तरी एका ट्रकमध्ये संच जोडताना मीटर लावायचा कंटाळा केला, आणि आतून जो वास आला तो अजून नाकात आहे. संच माझाच होता, त्यामुळे बोंब मारायलाही जागा नव्हती.

तर मित्राची जीप. मी दारात पोचलो तेव्हा त्याने ५० वॅटचा संच आणि चुंबकाचा अँटेना दोन्ही आणून ठेवलं होतं. "लाव गा," म्हणाला, आणि चुंबक हुडावर टेकवला. तो घरंगळून खाली पडला. जीपेला टपच नव्हता, ताडपत्रीचा हूड होता. एवढ्या वेळ फोनवर मी टपाचं पुराण लावत होतो आणि गाडी कुठली हे विचारलंच नव्हतं.

शेवटी बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यात दांडी बसवली. एसडब्ल्यूआर मीटर, म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते ते दाखवणारा मीटर, लावून दोन-दोन मिलिमीटर कापत गेलो, आकडा ३ वरून दीडच्या खाली आणला. ३ म्हणजे चौथाई शक्ती अँटेनाकडून परत संचाकडे फिरते. मग तो टेकाडावर गेला आणि मी बेळगावात घराच्या गच्चीवर. आधी ५० वॅट, मग बटण दाबून ५. आवाजात थोडी खरखर वाढली, शब्द एकही सुटला नाही. मग मी त्याला म्हटलं, जीप हळूहळू जागीच फिरव आणि बोलत राहा. एका बाजूला तोंड असताना माझ्याकडची पट्टी दोन घरं चढायची, दुसऱ्या बाजूला उतरायची. कोपऱ्यातल्या दांडीचा आरसा एकीकडेच पसरलेला असतो, ज्या बाजूला पत्रा जास्त त्या बाजूला लहर जास्त जाते. त्याच्या जीपेचा बहुतेक पत्रा दांडीच्या मागे.

तेव्हापासून तो बेळगावशी बोलायचं असलं की जीप गोव्याकडे तोंड करून लावतो. रस्त्यावरचे लोक विचारतात, जातोस की येतोस?